पार्सलवाल्या मनूआत्या

मनूआत्यांनी मला पहिल्याच आठवड्यात मूर्ख ठरवलं. तोंडावर तसं म्हणाल्या नाहीत. "बँकेत असून?" एवढंच म्हणाल्या, पण मला कळायचं ते कळलं.

झालं असं, की माझी बदली सांगलीहून थेट बनारसला झाली आणि ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत, मनूआत्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर मला दोन खोल्या मिळाल्या. सामान नीट लागायच्या आत मी ऑनलाइन मागवलेले बूट आले. मी जिन्यातच बसलो आणि सुरीनं खोकं फाडायला लागलो. तेवढ्यात खालून आवाज आला, "रुका जरा. कोणासमोर उघडताय?"

"बूट आहेत हो, मुंज नाहीये," मी म्हणालो. माझं तोंड पहिल्यापासून तिखट, त्यात बदलीनं डोकं फिरलेलं.

खोक्यातून दोन बूट निघाले आणि दोन्ही डाव्या पायाचे. कंपनी म्हणाली, न उघडलेल्या खोक्याचा फोटो पाठवा. माझ्याकडे खोक्याच्या नावानं चिंध्या उरल्या होत्या. मनूआत्या वर आल्या, चिंध्या पाहिल्या, बूट पाहिले आणि मग ते "बँकेत असून?" झालं.

मनूआत्या एका वैदिकाची मुलगी. घराणं कोकणातलं, पण पाच-सहा पिढ्या काशीतच गेलेल्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची गल्लीत कोणाची छाती नव्हती. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, रिटायर होईपर्यंत. बुटकी, काटक बाई. चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात, कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटी कात्री. मराठी त्यांची काशीची. "मला मालूम आहे", "दस्तखत कोणी केलं", "दिक्कत काय आहे तुमची". मी आधी हसायचो. मग एकदा फोनवर माझ्या बायकोनं मलाच विचारलं, हे 'मालूम' काय नवीन काढलंय.

जन्मभर दुसऱ्यांची पार्सलं हाताळल्यामुळे असेल, खोकं हातात घेतलं की त्यांना आतलं कळायचं. समोरच्या शेजारणीचा, मिश्राइनचा, प्रेशर कुकर आला तेव्हा आत्यांनी खोकं नुसतं उचलून खाली ठेवलं. "यात कुकर नाही," त्या म्हणाल्या. डिलिव्हरीवाला घाईत होता. बुआजी दस्तखत कर दीजिए, बुआजी देर हो रही है, असं त्याचं चाललेलं. आत्या त्याच्या वाटेत स्टूल टाकून बसल्या. खोकं त्याच्यासमोरच उघडायला लावलं, तर आत प्लास्टिकचे तीन डबे. मिश्राइननं त्या दिवसापासून आत्यांना विचारल्याशिवाय साधी हळदसुद्धा मोबाइलवर मागवली नाही.

आणि उघडायची त्यांची रीत. ती सांगितल्याशिवाय मनूआत्या कळायच्याच नाहीत. गल्लीत कोणाचंही महागाचं पार्सल आलं की ते आत्यांच्या ओसरीवर यायचं. दोन साक्षीदार बसायचे. एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. आणि आत्या उजवा हात खोक्यावर ठेवून चक्क संकल्प म्हणायच्या. पूजेच्या आधी भटजी म्हणतात तोच. अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, आनंदवने, महाश्मशाने, भागीरथ्याः पश्चिमतीरे, मग मास, पक्ष, तिथी. आणि त्याच सुरात पुढे मराठीत: "अमक्याच्या नावानं आलेलं, शेवटचे आकडे हे असलेलं पार्सल, टेप शाबूत, डावा कोपरा दबलेला, दोघांसमोर उघडते." मगच कात्री चालायची.

"आत्या, मिक्सर उघडताना महाश्मशान कशाला?" मी एकदा विचारलं.

"कारण आपण तिथंच राहतो," त्या म्हणाल्या. "कुठं, केव्हा, कोणी, काय. बापूंनी मला हेच शिकवलं आणि पार्सल ऑफिसातही हेच लिहायचं होतं. एवढं बोललात तर कोणी तुम्हाला झुठलवू शकत नाही."

कायदा त्यांनी स्वतः वाचून काढला होता. ऑनलाइन विकणाऱ्यानं तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव लिहायलाच पाहिजे, दोन दिवसांत तक्रार मिळाल्याचं कळवायला पाहिजे, महिन्याभरात तड लावायला पाहिजे, हे त्यांना तोंडपाठ होतं. कंपनीच्या फोनवरच्या पोरीशी त्या कधी भांडायच्या नाहीत. "बेटा, तू नोकरी कर रही है, तुझसे क्या झगड़ा," असं म्हणून तिचं नाव, वेळ आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायच्या आणि भिंतीवरच्या पंचांगावर त्या तिथीच्या चौकटीत टिंब द्यायच्या. ते पंचांग पुण्याहून यायचं. बनारसचं पंचांग त्या घरात लावत नसत.

आता वामनगुरुजींचं सांगतो.

रामघाटावरच्या वेदपाठशाळेत गुरुजी ऋग्वेद शिकवायचे. मनूआत्यांच्या वडिलांचेच शिष्य, म्हणून आत्या त्यांना वामनदादा म्हणायच्या आणि ते आत्यांना मनू. सत्तरी उलटलेली, एकटे, पाठशाळेतच राहायचे. वेद शिकवायचा तो कानावर. शिष्य म्हणतो, गुरू ऐकतो, एक स्वर खाली-वर झाला की थांबवतो. आणि गुरुजींचे कान गेले. एकदम नाही गेले, हळूहळू गेले. सुरुवातीला त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. शिष्य स्वराबरोबर मान खाली-वर करतात, त्या मानेकडे बघून ते चूक पकडायचे. मग तेही जमेना. एक दिवस ते विश्वस्तांना म्हणाले, "मला ऐकू येत नाही. मी चुकीचं म्हणून घेतोय. दुसरा माणूस बघा."

विश्वस्त भले होते. म्हणाले, गुरुपौर्णिमेपर्यंत थांबू, कानाचा काही इलाज करा, नाहीतर तुम्ही नुसते आसनावर बसून राहा, शिकवायला दुसरे येतील. गुरुजी म्हणाले, "नुसता बसायला मी काय गणपती आहे?" पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता. शिकवणं सुटलं तर या माणसाला सकाळी उठायला कारण उरणार नव्हतं.

कानाचं मशीन मनूआत्यांनी निवडलं. चार दिवस मोबाइलला डोळे लावून, चष्मा कपाळावर ढकलत, त्यांनी सगळं वाचलं. नवं, डिजिटल, माणसाचा आवाज गोंगाटातून वेगळा करून देणारं, दोन वर्षांची गॅरंटी. गुरुजींची जन्माची दक्षिणा त्यात गेली. दुसरं घ्यायची ऐपत नव्हती, हे आत्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

पार्सल आलं त्या दिवशी दुपारी ओसरीवर मिश्राइन आणि मी साक्षीदार. मिश्राइननं खोकं धरलं, मी माझ्या मोबाइलवर व्हिडिओ काढला. आत्यांनी संकल्प म्हटला: आश्विनमासे, कृष्णपक्षे, चतुर्थ्यां तिथौ. उघडलं. मशीनवर ओरखडे होते. मागचा नंबर खरवडून काढलेला. आणि कानात घालायच्या रबरी टोकात पिवळा मळ. कोणाच्या तरी कानातला.

गुरुजींनी तरी ते घालून पाहिलं. मशीनला शिटी फुटली. गाईची घंटा, मिश्राइनच्या बांगड्या, खालून जाणारी मोटरसायकल, सगळं एकाच आवाजात त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी ते काढून शांतपणे खोक्यात ठेवलं आणि म्हणाले, "राहू दे मनू. तुझा दोष नाही." आत्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मशीन त्यांनी निवडलं होतं ना.

कंपनीचं उत्तर आलं: कानात घालायची वस्तू आहे, स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतली जात नाही.

"दुसऱ्याच्या कानातला मळ मला पाठवताना यांची स्वच्छता कुठं होती?" आत्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. सदोष किंवा जाहिरातीसारखी नसलेली वस्तू परत घ्यायला कोणी नाही म्हणू शकत नाही, हे त्यांनी कंपनीला तीन वेळा लिहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट. महिना भरला तशी पंचांगावर शेवटचं टिंब देऊन त्या म्हणाल्या, "चला. ग्राहक आयोग."

राहत्या गावी तक्रार करता येते, वकील लागत नाही. गुरुजींनी अधिकारपत्र दिलं आणि त्यांच्या वतीनं आत्या उभ्या राहिल्या. पार्सल कसं उघडलं याचं शपथपत्र आत्यांचं. ते टाइप करायला आम्ही कचहरीत गेलो. टायपिंगवाल्यानं विचारलं, कब खोला था? आत्यांनी संकल्पातली तिथी सांगितली: आश्विन कृष्ण चतुर्थी. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं आणि तिथीपुढे इंग्रजी तारीख ठोकली. आत्यांनी तिथी वाचली, बरोबर होती, सही केली. मीही शेजारीच होतो. आकड्यात जन्म गेलेला माणूस मी, पण मलाही ती तारीख बघायची बुद्धी झाली नाही.

सुनावणी फाल्गुनात लागली. गुरुपौर्णिमा चार महिन्यांवर. खोलीत अध्यक्ष, शेजारी एक बाई सदस्य, आणि समोरच्या पडद्यावर दिल्लीहून कंपनीचा वकील. तरुण, गुळगुळीत. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"माताजी, आपने शपथ लेकर कहा है कि पार्सल इस तारीख को खोला. हमारा सामान उसके एक महीने बाद पहुँचा. ऑर्डर ही बाद में हुआ. तो आपने खोला क्या था?"

आत्या हसल्या. मग हातातला कागद बघितला आणि त्यांचं हसू गेलं.

मला काही समजेना. त्या माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "आपला आश्विन." मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. वद्य पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे असतं. आपल्या आश्विन वद्याला बनारसमध्ये कार्तिक कृष्ण म्हणतात. आणि त्यांचा आश्विन कृष्ण म्हणजे पितृपक्ष, बरोबर एक महिना आधी. टायपिंगवाल्यानं त्याच्या कॅलेंडरातली तारीख काढली होती. काशीतल्या मराठी घरातलं शेंबडं पोरसुद्धा हा फरक जाणतं. बाहेर बोलताना महिना बदलून सांगायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आणि मनूआत्या, ज्या अख्ख्या गल्लीला वाचल्याशिवाय सही करू देत नव्हत्या, त्या घरातला महिना कचहरीत सांगून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यांनी अध्यक्षांना समजावून सांगितलं. वकील म्हणाला, "अब पंचांग बदल रही हैं. कल कुछ और बदलेंगी." व्हिडिओत पार्सलचे आकडे होते, पण खोकं हातात आल्यावर ते कधीही म्हणता येतात. व्हिडिओची तारीख बघा म्हणावं, तर ती पेन ड्राइव्हवर टाकल्याच्या दिवसाची. मूळ व्हिडिओ माझ्या फोनात होता आणि फोन भरला म्हणून मीच तो पुसला होता. त्या क्षणी मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

अध्यक्ष गंभीर झाले. "शपथपत्र है, माताजी. शपथ पर गलत तारीख, यह छोटी बात नहीं है." तक्रार खोटी ठरवून फेटाळली जाणार, हे मला दिसायला लागलं. आत्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "गलती मेरी है. पार्सल झूठा नहीं है. एक बार वीडियो चलाकर देख लीजिए."

व्हिडिओ लागला. महाश्मशाने म्हटल्यावर कोणीतरी मागे हसलं. आत्यांचा हात, खोकं, खोक्याची कड धरलेली मिश्राइनची बोटं. सदस्य बाई एकदम पुढे झुकल्या.

"रोकिए. यह हाथ किसका है?"

"पड़ोसन का," आत्या म्हणाल्या.

"इसमें मेंहदी है."

बाईंनी वकिलाकडे पाहिलं. "आप कहते हैं यह पितरपख का दिन है. पितरपख में कौन सुहागिन मेंहदी लगाती है?"

वकील गडबडला. त्यानं पितृपक्षाआधीची हरितालिका पुढे केली. "तीज की रही होगी, मैडम."

"तीज को पंद्रह-सोलह दिन हो चुके होते. सोलह दिन की मेंहदी इतनी लाल? कहाँ मिलती है, हमें भी बताइए." मग त्या आत्यांकडे वळल्या. "करवा चौथ था न?"

होतं. आपली आश्विन वद्य चतुर्थी म्हणजेच त्यांचं करवा चौथ. मिश्राइन उपाशी पोटी साक्षीला बसली होती आणि आम्हा मराठी माणसांना ते दिसूनही दिसलं नव्हतं. कंपनीच्याच कागदात डिलिव्हरीची तारीख होती ती करवा चौथची. अध्यक्षांनी आत्यांना झापलं, दुरुस्त शपथपत्र द्यायला लावलं आणि निकाल राखून ठेवला.

बाहेर येऊन मी खुशीत होतो. मला वाटलं, जिंकलो. आत्या रिक्षात तो चुकीच्या तारखेचा कागद परत परत वाचत होत्या. घाटाशी उतरल्यावर म्हणाल्या, "एका बाईनं मेंदी लावली म्हणून वाचलो. मी काय केलं?" त्यानंतर गल्लीतली पार्सलं त्यांच्या ओसरीवर आली की त्या दार लोटून घ्यायच्या. मिश्राइननं समजावलं, मी चिडलो, भांडलोही. "तुम्ही काय देव आहात का, कधी चुकायचंच नाही?" असं मी चक्क बोललो. काही उपयोग झाला नाही. दिवसातून दोनदा त्या पोस्टमनची वाट बघत दारात उभ्या राहायच्या, एवढंच.

निकाल चैत्रात आला. जाहिरातीत लिहिलंय तसंच नवं मशीन द्या, जुनं स्वखर्चानं घेऊन जा. कंपनीला दिलेली मुदत संपता संपता, वैशाखात, ते आलं. माझी नाशिकला बदली झाली होती आणि त्याच संध्याकाळी माझी गाडी होती. मी खोकं घेऊन आत्यांकडे गेलो. "माझ्या हातानं नको," त्या म्हणाल्या. पण चपला घालून माझ्यामागे रामघाटापर्यंत आल्या.

पाठशाळा वरच्या मजल्यावर. गुरुजींनी खोकं घेतलं आणि आत गेले. आत्या जिन्यातच बसल्या, वर येईनात. मी त्यांच्या दोन पायऱ्या खाली उभा राहिलो. वरून खोकं उघडल्याचा आवाज आला. मग शिष्यांनी म्हणायला सुरुवात केली. ते म्हणत राहिले आणि कोणी त्यांना थांबवेना. आत्यांनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. माझ्या मनात आलं, गेलं, हेही वाया गेलं.

"थांब."

सगळे थांबले. "शेवटचं अक्षर खाली आणलंस," गुरुजी म्हणाले. "अक्कल गहाण ठेवली आहेस काय? परत."

ते परत म्हणाले. परत थांबवलं. पुन्हा परत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. आत्यांनी मान वर केली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, मला दोन पायऱ्यांवर जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "वामनदादा, ऐकू येतंय का?"

वरचं म्हणणं थांबलं.

"येतंय," गुरुजी वरून म्हणाले. "जिन्यात कशाला बसलीस? वर ये."

त्या उठल्या नाहीत. पदर तोंडात कोंबून, आवाज बाहेर फुटू नये म्हणून अंग आवळून बसल्या. मी हात द्यायला वर चढणार, तेवढ्यात पुन्हा आवाज आला.

"मनू, रडू नकोस. सगळं ऐकू येतंय."